गाठीनं मारलं

सरसाचं उकळतं भांडं भिंतीवर आदळलं तेव्हा विद्याश्री उंबऱ्यात चप्पल काढत होती... आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिला कळलं, की भांडं भिंतीला नंतर लागलंय, आधी अव्वाला, तिच्या आईला लागलंय!

गौराबाईंच्या डाव्या खांद्यावरून तो पिवळा, चिकट, वाफाळता सरस ओघळत होता, कातडीला धरून बसत होता, आणि ती माउली दातांत पदर धरून नुसती थरथरत उभी होती. किंकाळी नाही, शिवी नाही, काही नाही! तीस वर्षांच्या संसारानं त्यांना एकच विद्या पक्की शिकवली होती. ओरडलं की दुसरा फटका जोरात बसतो.

"सरस पातळ झालाय म्हटलं तर तोंड वर करून बघतीया!" ईरप्पा गरजले. "माझ्याकडं डोळं वटारतीस व्हय गं?"

ईरप्पा म्हणजे उद्यमनगरातले जुने पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि ईरप्पांच्या हातच्या पॅटर्नला पार इचलकरंजी-सांगलीपर्यंत नाव होतं. बाजारात तयार गोंद मिळायला लागून जमाना झाला, तरी त्यांना घरी शिजवलेला सरसच लागायचा. लाकडावर त्यांचा हात देवासारखा चालायचा... आणि माणसांवर राक्षसासारखा!

"अप्पा, बास!" विद्याश्री मधे पडली. सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, घरात मिळवती असलेली ही एकुलती एक लेक अजूनही मार खायच्या वयातच होती. ईरप्पांनी लाकडी हातोडा उचलला. पहिला घाव तिच्या पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा उगारला आणि... तो आलाच नाही. ईरप्पांचा जबडा वाकडा झाला, डोळे पांढरे झाले, आणि ते धिप्पाड शरीर लाकडाच्या भुशात कोसळून तडफडायला लागलं.

आणि गौराबाई? खांद्याची सालपटं लोंबत असताना ती बाई धावली ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायला! "बघत काय उभारलीयास? रिक्षा आण की गं!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर काशिफ शिकलगारांनी मेंदूचा स्कॅन उजेडासमोर धरला. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे आणि खरं बोलायचे. "कपाळाच्या मागं गाठ आहे, मोठ्या लिंबाहून मोठी," ते म्हणाले. "कॅन्सरची वाटत नाही, पण काढावीच लागेल. मेंदूच्या या भागावर दाब आला की माणूस चिडतो, हात उगारतो. मागचा-पुढचा विचार सुटतो त्याचा."

गौराबाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते विद्याश्री जन्मात विसरणार नव्हती. आनंद होता तो! खांद्याला पट्टी बांधलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत लग्नातल्यासारखा उजेड आला होता!

"म्हंजे... हे न्हाई मारालते? गाठ मारालती?"

"अगदी तसं नाही म्हणता येणार, पण..."

पण पुढचं ऐकायला गौराबाई थांबल्याच नाहीत. संध्याकाळपर्यंत वॉर्डात, दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात, आणि तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडला ईरप्पांच्या बहिणीपर्यंत बातमी पोचली. शालूबाई आत्या पहिल्या एस.टी.नं आल्या आणि वॉर्डाच्या दारातूनच गळा काढला, "माझा भाऊ देवमाणूस हाय म्हणून मी जीव तोडून सांगालतो! गाठीनं मारलं गं बाई, गाठीनं मारलं!"

विद्याश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डॉक्टरांना बाजूला गाठलं. "ही गाठ किती वर्षांची असेल?"

"तीन-चार वर्षं. अगदी ओढूनताणून पाच."

हे साल दोन हजार सात. मग एकोणीसशे शहाण्णवला कुणी मारलं होतं?

त्या वर्षी ती दहावीत होती. शाळेतून आल्यावर अप्पांच्या हाताखाली पॅटर्न घासायची, मापं टाकायची. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करायचा असतो. त्या वाढीला उद्यमनगरात श्रिंकेज म्हणतात. स्टीलला दोन टक्के. एका पंपाच्या पॅटर्नला ती श्रिंकेज धरायला विसरली आणि अकरा कास्टिंग भंगारात गेले. ईरप्पांनी काय केलं? पोरीचा डावा हात बाकावर पालथा धरला आणि पोलादी पट्टीच्या धारेनं मारायला सुरुवात केली. प्रत्येक फटक्याला तिनं म्हणायचं, "दोन टक्के!" आवाज बारीक झाला की पट्टी आणखी जोरात! चाळीसपर्यंत तिनं मोजले. मग मनगटात काहीतरी कट्कन वाजलं. हाडवैद्याला अव्वानं सांगितलं, "माळ्यावरनं पडली." पुढं दोन स्थळं आली, वाकडं मनगट बघून परत गेली, त्यांनाही तेच. बापाची अब्रू राखायला लेकीनंही तेच सांगितलं... अकरा वर्षं!

एवढ्या वर्षांत तिनं देवाकडं एकच मागितलं होतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, तिच्याकडं बघून म्हणावं, "मी मारलं." माफी नको, रडणं नको. तेवढे दोन शब्द! आणि आता या गाठीनं तिचा गुन्हेगारच पळवून नेला होता!

"अव्वा, तवा कुठं गाठ हुती गं?" तिनं विचारलं तर गौराबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. आजारी माणसाचं उणंदुणं काढू न्हाई."

चार दिवसांनी डॉक्टर शिकलगार वेगळ्याच चिंतेत दिसले. गाठीला एक मोठी रक्तवाहिनी चिकटली होती. "सपाट फोटोवर अंदाज येईना," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "ही गाठ मला आधी हातात धरून बघायला मिळाली तर! मोठ्या शहरात स्कॅनवरून हाडांची मॉडेल करतात म्हणे. इथं उद्यमनगरात पॅटर्न छापायचं एक मशीन आलंय असं ऐकलं..."

"ते मशीन मीच चालवते," विद्याश्री म्हणाली.

खरंच चालवत होती. याच मशीनच्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी अप्पांनी तिला दारातून केस धरून ओढलं होतं. "लाकूड सोडून त्या शेवयाच्या सोऱ्याकडं जातीस?" ते ओरडले होते. शेवयाचा सोऱ्या म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. प्लॅस्टिकची तार वितळवून मशीन दोऱ्यासारखी धार सोडायचं, थरावर थर बसवायचं, आणि कॉम्प्युटरमधली वस्तू टेबलावर उभी राहायची. फक्त आजवर तिथं पंप, व्हॉल्व्ह आणि कप्प्या उभ्या राहिल्या होत्या, माणसाचा मेंदू नव्हे.

डॉक्टरांनी दोन दुपारी तिच्या शेजारी बसून स्कॅनची एकेक चकती रंगवली. हा मेंदू, ही गाठ, ही रक्तवाहिनी. मशीन चाळीस तास चाललं. अप्पांचं डोकं, ज्या डोक्याला ती जन्मभर भ्यायली ते डोकं, तिच्या डोळ्यांसमोर कणाकणानं वाढत गेलं... पांढरं, वळ्यावळ्यांचं, किती केविलवाणं! रक्तवाहिनी तिनं लाल रंगवली. गाठ सुटी निघेल अशी केली. आणि कुणाला न सांगता गाठ मात्र दोनदा छापली. एक डॉक्टरांना दिली, एक स्वतःच्या पर्समध्ये टाकली. जिच्या नावावर सगळा मार जमा झाला होता ती भवानी तिला रोज बघायची होती.

डॉक्टर त्या मॉडेलवर हरखून गेले. सुई घालून त्यांनी खोली मोजली, कवटी कुठं उघडायची, कुठं थांबायचं, सगळी मापं त्यावरून लिहून काढली.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. साडेसातला विद्याश्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर अप्पांची फाइल होती आणि स्कॅनच्या रिपोर्टात एक ओळ होती. गाठीची लांबी पन्नास मिलीमीटर. तिनं पर्समधली गाठ काढली. दुसऱ्या बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, ही व्हर्नियर ठेवायची, बारीक मापं घ्यायची जबड्यांची पट्टी. काही कारण नव्हतं, नुसती कामाची खोड. जबडे गाठीला लावले.

एक्कावन्न.

पुसून पुन्हा लावले. एक्कावन्न! पन्नासाचे एक्कावन्न... म्हणजे दोन टक्के. स्टीलचं श्रिंकेज!

कॉम्प्युटरवर नवी फाइल उघडली की वाढीच्या चौकटीत आधी एक पूर्णांक शून्य दोन टाकायचं, हे तिच्या बोटांना डोक्याला न विचारता करता यायचं. चाळीस फटक्यांनी बसवलेला धडा होता तो! मेंदू काय लोखंडासारखा ओतायचा होता, थंड होऊन आक्रसायचा होता? पण बोटांना काय ठाऊक! बोटांनी अप्पांच्या मेंदूलाही श्रिंकेज धरलं होतं. आणि डॉक्टरांची सगळी मापं त्याच मोठ्या मेंदूवरची होती...

खोटं कशाला बोला, ती उठली नाही. लगेच उठली नाही. बाकावर बसून राहिली. डोळ्यांसमोर अव्वाचा सोललेला खांदा आला, बाकावर पालथा धरलेला स्वतःचा हात आला, परत गेलेली दोन्ही स्थळं आली. हे कुणाला कधीच कळलं नसतं! डॉक्टर हळहळले असते, आत्या रडल्या असत्या, आणि घरात... घरात पहिल्यांदा शांतता झाली असती. त्या विचाराची गोडी तिच्या जिभेवर क्षणभर खरोखर आली, आणि स्वतःचीच तिला शिसारी आली. पण उठवलं तिला दुसऱ्याच गोष्टीनं. अप्पा आज मेले, तर ते देवमाणूस म्हणून मरतील आणि गाठ गुन्हेगार म्हणून. ते दोन शब्द त्यांच्याबरोबर जळून... नव्हे, लिंगायताला जाळत नाहीत, मातीत पुरले जातील! आणि बाप होता तो. कसाही असला तरी तिच्या रक्तामांसाचा बाप होता!

ती धावत सुटली.

ऑपरेशनच्या दारातच स्ट्रेचर थांबलं होतं, शेजारी डॉक्टर, अव्वा आणि आत्या उभे होते. नर्स गळ्यातलं लिंग काढा म्हणत होती आणि डोकं भादरलेले ईरप्पा मुठीत दोरा धरून हटून बसले होते. "जीव गेला तरी काढणार न्हाई! दीक्षा घेतल्यापास्नं गळ्यात हाय."

"डॉक्टर, थांबा! मॉडेल चुकलंय!"

सगळे वळले. विद्याश्रीनं धापा टाकत सांगितलं, "मोठं झालंय. दोन टक्क्यांनी. माझ्या हातनं."

डॉक्टर शिकलगारांचा चेहरा पांढराफटक पडला. "सत्तर मिलीमीटर खोलीला... जवळजवळ दीड मिलीमीटर जास्त! अहो, रक्तवाहिनीच्या अलीकडं मी एकच मिलीमीटर मोकळा सोडलाय!"

आकडे आत्यांना कळले नाहीत, अर्थ मात्र बरोबर कळला. "मुद्दाम केलंय हिनं! सूड उगवालीया बापावर!"

आणि खाडकन आवाज झाला. गौराबाईंनी, ज्या बाईनं जन्मात मुंगीवर हात उगारला नव्हता त्या गौराबाईंनी, लेकीच्या थोबाडीत मारली होती! एक, दोन, तीन... खांद्याची पट्टी रक्तानं भिजली तरी त्या मारत सुटल्या. "माझं कुंकू पुसालतीस? आँ? आता कुठं माझा माणूस मला परत मिळालता आणि तू त्यो..." शब्द हुंदक्यात बुडाले. अहो, जीवच घ्यायचा असता तर पोरगी पळत सांगायला कशाला आली असती? पण रागाला कान नसतात. विद्याश्रीच्या ओठातून रक्त आलं. ती मागं सरली नाही. या घरातला तिला न लागलेला एकच हात उरला होता, आज तोही लागला.

"गौरे, थांब." स्ट्रेचरवरून आवाज आला. "पोरी, किती म्हणालीस?"

"दोन टक्के, अप्पा."

"स्टीलचं?"

"व्हय."

"डोस्क्यानं धरलंस की हातानं?"

विद्याश्रीला हुंदका आवरेना. "हातानं, अप्पा... मला कळलंच न्हाई वो!"

त्या दारात डॉक्टर होते, नर्स होती, बायको होती, बहीण होती. पण हा प्रश्न आणि हे उत्तर दोघांनाच कळलं. ईरप्पांनी डोळे मिटले. मग गळ्यातला दोरा स्वतःच्या हातानं काढला, लिंग कपाळाला लावलं आणि लेकीच्या ओंजळीत ठेवलं.

"गौरे, तिच्या अंगाला हात लावू नगंस. तिनं न्हाई चुकवलं. ते श्रिंकेज मी तिच्या हातात ठोकलंय."

विद्याश्रीनं श्वास रोखला. आता म्हणतील... आता ते दोन शब्द म्हणतील! पण नर्सनं स्ट्रेचर ढकललं आणि दार मिटलं.

पाऊण तास डॉक्टर आणि ती समोरासमोर बसली. तिनं व्हर्नियरनं एकेक माप वाचलं, त्यांनी एकेक आकडा दोन टक्क्यांनी उतरवून लिहिला. ऑपरेशन सात तास चाललं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मास्क काढला आणि आधी तिच्याकडं आले. "तुम्ही आला नसता तर मी त्या वाहिनीतून आरपार गेलो असतो."

ईरप्पा वाचले. दीड महिन्यात घरी हिंडू-फिरू लागले. आवाज मऊ झाला, भाकरी थंड असली तरी गुमान खाऊ लागले. गौराबाईंनी बसवेश्वराला नारळ फोडला आणि लेकीच्या गालाला लोणी लावत रडरड रडल्या, "माझा हात झडला का न्हाई गं तवा!" घर कसं हसू लागलं! आणि भेटायला आलेल्या माणसाला ईरप्पा सांगू लागले, "काय करता पावणं, गाठच हुती की वो. माझ्या हातात काय हुतं?"

हे वाक्य विद्याश्रीनं निदान वीस वेळा ऐकलं. चहाचे कप उचलताना ऐकलं, दाराआडून ऐकलं. स्ट्रेचरवर जो माणूस क्षणभर खरा बोलला होता तोही गाठीच्या आड जाऊन बसला होता. काढून फेकलेली गाठ पुरून उरली होती! तिनं आशाच सोडून दिली.

त्या रविवारी तिघं जेवायला बसली होती. ईरप्पांनी शेंगाची चटणी मागितली.

"डॉक्टरांनी तिखट नगं म्हटलंय," गौराबाई हसत म्हणाल्या आणि चटणीची वाटी बाजूला सरकवली. एवढंच! एवढंच झालं!

ईरप्पांचा हात पाण्याच्या तांब्यासकट वर गेला.

गौराबाईंनी सवयीनं कोपर तोंडावर घेतलं. विद्याश्री ताटावरून उठली. आणि तांब्या तसाच वर राहिला... ईरप्पा आपल्या हाताकडं बघत होते. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या खांद्याला जोडलाय अशा नजरेनं बघत होते. तांब्यातलं पाणी त्यांच्या स्वतःच्याच अंगावर सांडत होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण ज्याचा पीळ त्याला तो असा उघड्या डोळ्यांनी क्वचितच दिसतो.

"गाठ न्हाई आता..." ते पुटपुटले. "डॉक्टरनं काढली की. मग ह्यो... ह्यो कुणी उचलला?"

तांब्या खाली आला. तो धिप्पाड माणूस पाटावरच गुडघ्यांत डोकं घालून गदागदा हलायला लागला. "पोरी... विद्या... तुला मी मारलं. शहाण्णवला मीच, आणि परवाबी मीच. गाठीनं न्हाई गं, मी मारलं!"

अकरा वर्षं वाट पाहिलेले ते शब्द! विद्याश्रीचा बांध फुटला. भिंतीला टेकून ती लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडू लागली. आता सगळं संपलं, आता सगळं फिटलं असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला. इतका बारीक, की आधी तो अव्वाचा वाटेचना.

"आणि मला?"

गौराबाईंनी कोपर अजून खाली घेतलं नव्हतं. त्याच्या आडून त्या नवऱ्याकडं बघत होत्या. ज्या बाईनं गावभर गाठीची द्वाही फिरवली, गाठीसाठी पोटच्या पोरीला मारलं, तीच विचारत होती. "तिचं सांगितलंसा. मला कुणी मारलं वो?"

ईरप्पा पाटावरून उठले. गुडघ्यांवर सरकत बायकोपुढं आले. तिचं कोपर खाली घ्यायला हात पुढं केला आणि मधेच थांबवला. हात लावायची त्यांना भीती वाटली.

"तुलाबी मीच, गौरा."

"किती वर्सं?"

"तीस." ते अडखळले. "चार वर्सं गाठ हुती म्हणत्यात... सव्वीस माझी." गौराबाई बघतच राहिल्या. ईरप्पांची मान खाली गेली. "न्हाई. तीसच्या तीस माझी."

गौराबाईंनी कोपर खाली घेतलं. मग त्या इतक्या मोठ्यानं रडल्या, की शेजारच्या बाया दारात जमल्या. विद्याश्रीनं कुणालाही आत येऊ दिलं नाही आणि दारही लावलं नाही. भाकऱ्या पार गार झाल्या होत्या. तिघांची जेवणं त्या दिवशी चार वाजता झाली.